वाळुंजवाल्या सकपाळ बाई

सकपाळ बाईंनी माझं नाव चार देशांत पोचवलं आणि एकाही देशात ते चांगल्या कारणासाठी पोचलं नाही. ही गोष्ट मी अजून पचवलेली नाही. बाई आता नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल गोडच लिहावं असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं दुसरा लेखक शोधावा. मी पोलादपूरला हायवेच्या कडेला झाडं विकतो. सायकलवरून आंब्याची कलमं विकत सुरुवात केली आणि आज माझी तीन एकरांची नर्सरी आहे. माणूस बोलायला लागला की त्याला नक्की काय हवंय हे मला तिसऱ्या वाक्याला कळतं. या बाईंना काय हवंय हे कळायला तीन वर्षं लागली, आणि तेवढा काळ मी त्यांना चोर समजत होतो.

पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडीतून नव्हे, वडापच्या जीपमधून उतरल्या. साठी उलटलेली, किडकिडीत, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. कलमांच्या रांगेत शिरून त्यांनी एका कलमाचा सांधा अंगठ्याच्या नखानं हळूच खरवडला आणि आतला हिरवा रंग बघितला. माझ्या नर्सरीत असं कोणी करत नाही. मी ओरडलो, "ओ बाई, घ्यायचंय का नासवायचंय?"

"जिवंत हाय का बघते," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे वाळुंज आहे?"

वाळुंज कोणी विकत घेत नाही. सावित्रीच्या काठाला ते झाड आपोआप उगवतं. पुरात फांदी मोडते, वाहते, जिथे अडकते तिथे रुजते. त्याला फळ नाही, त्याची फळी निघत नाही, त्याच्या सावलीला कोणी बसत नाही. अशा झाडाला गिऱ्हाईक आलं म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, हे मी त्याच क्षणी ठरवलं.

बाई महाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मूळ गाव कुडपणकडचं. कॉलेजातल्या लोकांशी पुस्तकातल्यासारखं बोलायच्या आणि आमच्याशी बोलताना अर्ध्या वाक्यात कुडपणच्या बोलीत उतरायच्या. लग्न केलं नव्हतं. त्यांच्याबद्दल याहून जास्त मला कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी तर नाहीच नाही.

त्यांचं काम असं होतं. आपण ज्याला वाळुंज म्हणतो, त्याच्या भावकीतली झाडं जगभर आहेत. काश्मीरकडे त्याच्या क्रिकेटच्या बॅटी होतात. थंड देशांत ती शेतात पिकासारखी लावतात, कापतात आणि जाळायला वापरतात. पॉपलर नावाचं झाड त्याच कुळातलं, पंजाबकडचे शेतकरी ते प्लायवूडसाठी लावतात. या दोन झाडांवर काम करणारे बऱ्याच देशांचे शास्त्रज्ञ एकमेकांना काठ्या, म्हणजे रुजणाऱ्या फांद्यांचे तुकडे, पाठवतात, एकाच्या काठ्या दुसरा लावतो आणि नोंदी सगळ्यांच्या. त्यांच्या झाडांना थंडी ठाऊक आहे, उन्हाळा सोसत नाही. आमचं वाळुंज चार महिने पुराच्या पाण्यात गळ्याएवढं बुडतं आणि वैशाखात तापलेल्या दगडांत उभं राहतं. ते त्यांना हवं होतं. एकेका नदीच्या काठ्या गोळा होत होत्या आणि आमच्या सावित्रीचं काम बाईंनी अंगावर घेतलं होतं.

"तुम्हाला त्यातून काय मिळतं?" मी विचारलं.

"काठ्या," त्या म्हणाल्या.

असं उत्तर देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नसतो, हे मला धंद्यानं शिकवलंय. पण बाईंचाही माझ्यावर नव्हता. त्यांचा कोणावरच नव्हता. कोणाच्या घरी गेल्या तरी स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायच्या. कुठलाही कागद दोन्ही बाजूंनी वाचायच्या, मागची बाजू कोरी असली तरी. आणि सगळ्यांत वाईट खोड म्हणजे एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी विचारायच्या. आज विचारतील, हे झाड तुझ्या आजोबाच्या वेळी होतं का? आठवड्यानं बोलता बोलता पुन्हा तेच. महिन्यानं परत. तिन्ही उत्तरं वहीत शेजारीशेजारी लिहायच्या. कापडे गावचा एक म्हातारा एकदा वैतागून म्हणाला, "बाय, मी काय चोरी केली हाय का?" तेव्हा म्हणाल्या, "नाय काका. पहिल्यांदा माणूस मला बरं वाटंल ते सांगतो, दुसऱ्यांदा त्याला बरं वाटंल ते. तिसऱ्यांदा कंटाळून खरं सांगतो."

माझ्याकडे त्या आल्या त्या माझ्या ओळखीसाठी. पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्यापर्यंत, नदीकाठची कुठली जमीन कोणाची आणि कोणाचा कोणाशी बांधावरून वाद आहे, हे मला तोंडपाठ आहे. महाडकडचा खालचा पट्टा त्या स्वतः फिरल्या होत्या. वरच्या पट्ट्यात, जिथे नदी दगडांतून आपटत येते, तिथली तीस झाडं त्यांना हवी होती. बाहेरच्या शास्त्रज्ञांचा डोळा खरा त्याच झाडांवर होता.

मी सौदा घातला. पैसे नकोत म्हणालो. त्या लगेच सावध झाल्या. मला हवं होतं माझं नाव. प्रत्येक काठीच्या नोंदीत, जिथे जिथे ती जाईल तिथे, गोळा करणाऱ्याचं नाव लिहिलं पाहिजे. परदेशात माझ्या नर्सरीचं नाव गेलं तर उद्या कोणी सांगावं. त्या दोन दिवस नाही म्हणाल्या. "काठीला गाव लागतं, जागा लागते. नाव कशाला?" मी म्हणालो, मग वरच्या पट्ट्यात तुम्ही एकट्या फिरा, बघू कोण बांधावर पाय ठेवू देतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीत एक नवा रकाना आखला. मी जिंकलो असं मला वाटलं.

काठ्या तोडण्याआधी पाहुणे बघून गेले. एक उंच गोरा शास्त्रज्ञ, त्याचं नाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, आणि एक पंजाबकडचे, पॉपलरवाले. बाईंनी त्यांना पाचाडला जेवायला नेलं. गाड्या बाहेर उभ्या, आत पिठलं-भाकरी. पाहुणा जेवून खूश होता. उठायच्या वेळी बाईंनी त्याला थांबवलं आणि इंग्रजीत काहीतरी बोलल्या. तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. तेव्हा मला कळलं की त्या त्याची पिशवी बघायला मागत होत्या.

पंजाबचे शास्त्रज्ञ ओशाळले. "मॅडमजी, ये हमारे मेहमान हैं."

"मेहमान हैं, इसीलिए सबके सामने देख रही हूँ," बाई म्हणाल्या. "पीछे से नहीं बोलूँगी."

पिशवीत काही नव्हतं. पण त्या खाली वाकल्या आणि पाहुण्याच्या मोज्याला चिकटलेला वाळुंजाचा एक सुकलेला तुरा दोन बोटांनी काढून खिडकीबाहेर टाकला. मग त्याला समजावून सांगितलं की परवानगीचे कागद येईपर्यंत या तालुक्यातलं बीसुद्धा बाहेर जाणार नाही, आणि कागद आले की काठ्या त्या स्वतः बांधून देतील. पाहुण्यानं कान पकडून दाखवले. तो बहुधा त्यांना त्या दिवसापासून मानायला लागला. मी मात्र गाडीत बसल्यावर मनात म्हटलं, एवढा देखावा ज्या अर्थी आमच्यासमोर केला, त्या अर्थी माल दुसऱ्या वाटेनं जाणार.

आता माझी चूक. तिला चूक म्हणायला मला आजही जड जातं.

त्या थंडीत मी तीस काठ्या तोडून दिल्या. बोटाएवढ्या जाड, सरळ, डोळे भरलेले, एकही किडकी नाही. बाईंनी सांगितलं होतं, प्रत्येक झाडाची एक. मी ते ऐकलं होतं. पण आमच्याकडे कुंपणाला खुंट लावायचे तर माणूस गावभर हिंडून प्रत्येक झाडाची एकेक फांदी आणत नाही. जे झाड हमखास रुजतं, त्याच्याच सगळ्या फांद्या आणतो. नर्सरीत तर हा धर्मच आहे. एक उत्तम मातृवृक्ष निवडायचा आणि त्याचीच कलमं करायची. तीस रोगट झाडांच्या तीस काठ्या देणारा नर्सरीवाला मूर्ख. माझ्या स्वतःच्या जमिनीच्या कडेला नदीत एक जुनं वाळुंज होतं, कुठल्याही पुराला न हललेलं. मी तीसच्या तीस काठ्या त्याच्याच दिल्या, आणि बाईंनी दिलेल्या यादीप्रमाणे तीस जागांच्या चिठ्ठ्या त्यांना बांधल्या. चिठ्ठ्या म्हणजे सरकारी कामाला लागणारा कागद, असं मी धरून चाललो. माल अव्वल दिला. कोणाला फसवतोय असं मनात आलं नव्हतं.

कागद आले. प्रत्येक काठीचे तुकडे करून एक संच कॉलेजच्या मागच्या वाफ्यात लागला, दुसरा पॉपलरवाल्यांच्या उत्तरेतल्या केंद्रात गेला आणि तिथून पुढे चार देशांत. गोळा करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.

दुसऱ्या थंडीत बाईंनी मला महाडला बोलावलं. वाफ्याजवळ उभ्या होत्या, भिंतीला पाठ लावून. त्या नेहमी अशाच उभ्या राहायच्या, मागून कोणी येऊ नये अशा. वाफ्यात वाळुंजाला तुरे आले होते.

"हे खालचे, मी आणलेले," त्या म्हणाल्या. "वाळुंजात नर वेगळा, मादी वेगळी. पिवळा तुरा नराचा, हिरवा मादीचा. बघ, निम्मे पिवळे, निम्मे हिरवे. आता तुझे बघ."

माझे तीसही पिवळे होते.

"तीस जागांची तीस झाडं," त्या म्हणाल्या, "आणि एकाला पण बायको नाय? सगळ्या मुंबईला गेल्या का रं?"

शेजारी उभा कॉलेजचा शिपाई हसला. मला राग आला. मी म्हणालो, "योगायोग असेल."

"पान पण एकाच दिवशी फुटलं. तीसही जणांना." त्यांनी अंगठ्याच्या नखानं एक साल खरवडली, उगाचच. "कुठलं झाड?"

मी सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. म्हणालो, सगळ्यांत उत्तम झाड दिलं, धंद्यात असंच करतात, तुमची पुस्तकं पुरात उभी राहिली नाहीत. त्या मग शांतपणे म्हणाल्या, "उत्तम कुठलं ते शोधायलाच तर तीस हवी होती. तू एकालाच तीसदा उभं केलंस आणि शर्यत लावलीस."

मला वाटलं होतं की त्या हे दाबून टाकतील. कोणीही टाकलं असतं. कोणाच्या बापाला कळणार होतं? त्यांनी त्याच आठवड्यात सगळ्यांना पत्रं लिहिली. सावित्रीच्या वरच्या पट्ट्याच्या तीस काठ्या खोट्या, एकाच झाडाच्या, टाकून द्या. काठ्या ओळखायला नोंद लागते आणि नोंदीत माझं नाव होतं, म्हणून पत्रात माझंही नाव. ते मी स्वतः सौदा करून घातलेलं. कॉलेजच्या क्लार्कनं मला त्या पत्राची प्रत वाचून दाखवली. मी दोन महिने बाईंशी बोललो नाही आणि पोलादपूरच्या बाजारात त्यांच्याबद्दल जे बोलता येईल ते सगळं बोललो.

पत्राचं उत्तर आलं ते माझ्यावर नाही, बाईंवर. ज्यांनी स्वतः होऊन चूक सांगितली त्यांच्या बाकीच्या काठ्याही आता संशयात आल्या. बाहेरच्यांनी नम्रपणे लिहिलं की वरच्या पट्ट्याच्या खात्रीच्या काठ्या पावसाळ्याआधी आल्या तर ठीक, नाहीतर सावित्री नदी या कामातून वगळावी लागेल. बाईंची सहा वर्षांची पायपीट एका ओळीत.

आणि त्याच उन्हाळ्यात वरच्या पट्ट्यात गाळ काढायला पोकलेन उतरले. नदी रुंद करायची होती. महाड बुडू नये म्हणून ते करणं भाग आहे असं सगळे म्हणत होते, मीही म्हणत होतो. पोकलेनच्या दातांनी काठची वाळुंजं मुळासकट उपटली. डंपरांनी ती गाळाच्या ढिगांवर टाकली. यादीतल्या तीस जागांपैकी बहुतेक जागांवर झाड राहिलंच नाही.

बाई ढिगांवर फिरताना मला दिसल्या. मी त्यांच्या मागे गेलो ते मदतीला नव्हे. त्या तहसीलला तक्रार करणार आणि त्यात माझं नाव पुन्हा येणार, असा माझा अंदाज होता. त्या एका आडव्या पडलेल्या खोडाजवळ बसल्या होत्या. खोड उन्हात पंधरा दिवस पडलं होतं आणि त्याला बारीक लाल पालवी फुटली होती.

मला बघून म्हणाल्या, "जीव हाय अजून. पण कुठलं झाड ते कसं कळणार?"

हे मात्र मला सांगता येत होतं. कुठल्या दिवशी कोणाच्या काठावर मशीन चाललं, कुठल्या डंपरनं कुठे खाली केलं, हे मी रोज चहाच्या टपरीवर ऐकत होतो आणि बरंचसं डोळ्यांनी बघितलं होतं. कोणाच्या जमिनीची किती माती कुठे जाते यावर लक्ष ठेवणं हा माझा स्वभाव आहे. मी म्हणालो, "मी सांगतो. पण त्या पत्रातली माझी ओळ खोडायची."

"लिहिलेलं खोडत नाय मी."

"मग बसा हुडकत."

"खाली दुसरी ओळ लिहीन. जे खरं असेल ते."

"काय लिहाल?"

"ते काम झाल्यावर कळेल."

मी शिवी गिळली आणि चार दिवस त्यांच्याबरोबर ढीग तुडवले. ऊन असं की चपलेचं रबर चिकटत होतं. त्या प्रत्येक खोडाजवळ वही उघडायच्या आणि विचारायच्या, हे कोणाच्या काठचं? मी सांगायचो. दुसऱ्या दिवशी परत, त्याच खोडाजवळ. तिसऱ्या दिवशी परत. तीनदा एकसारखं उत्तर आलं तरच काठी तोडायच्या. बऱ्याच खोडांवर मीच म्हणालो, माहीत नाही, आणि ती त्यांनी बघताक्षणी सोडून दिली. "एक खोटी निघाली," त्या म्हणाल्या, "तर सगळ्याच खोट्या. आता त्यांच्याकडे मला दुसरं तोंड नाय."

अकरा काठ्या जमल्या. तीसपैकी अकरा. मी म्हटलं, अकरात भागेल? त्या म्हणाल्या, दहात पण भागेल, खऱ्या असल्या तर.

ती दुसरी ओळ त्यांनी लिहिली की नाही, हे मला माहीत नाही. उत्तरेतून परत आल्यावर पावसाळ्यातच त्या आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या. त्यांच्या वह्या त्यांच्या पद्धतीप्रमाणे आधीच कोणाच्या तरी नावावर केलेल्या होत्या, आणि ते नाव माझं नव्हतं. काठ्या पुढे रुजल्या, सावित्री कामात राहिली, एवढं क्लार्क सांगतो. तो बरं वाटेल ते सांगणारा माणूस आहे. मी त्याला अजून दोनदा विचारणार आहे.

बाईंना मी शेवटचं बघितलं ते पोलादपूरच्या एसटी स्टँडवर, सकाळच्या मुंबईच्या गाडीत. मुंबईहून पुढे रेल्वेनं त्या स्वतः काठ्या घेऊन जाणार होत्या. कुरियरवर त्यांचा विश्वास नव्हता. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं बोचकं मांडीवर आडवं धरून त्या खिडकीत बसल्या होत्या. पाणी ठिबकून शेजारणीच्या पायावर पडत होतं आणि ती कुरकुरत होती. कंडक्टर म्हणाला, "आजी, मागं ठेवा ते."

"मागं ठेवलं तर मी पण मागं बसंन," बाई म्हणाल्या. त्यानं नाद सोडला.

मी खाली उभा होतो. पोचवायला आलोय असं म्हणालो होतो. खरं कारण वेगळं होतं. अकरापैकी सातवी काठी मी अंदाजानं सांगितली होती. ते खोड ज्या ढिगावर होतं तिथे दोन काठांचा गाळ एकत्र टाकलेला होता आणि झाड कुठल्या काठचं हे मला ठाऊक नव्हतं. एक नाव ठोकून दिलं. बाईंनी तीनदा विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. झाडं विकणाऱ्या माणसाला ते अवघड नसतं. बिनबहराच्या कलमाला बहराचं म्हणून मी याहून जास्त वेळा शपथा घेतल्यात. आणि हे कोणाला कधीच कळलं नसतं. सातवी नर निघाली असती किंवा मादी, बिघडलं काही नसतं.

ड्रायव्हर चढला. गाडी सुरू झाली, खिडक्या खडखडायला लागल्या. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, त्या बोचक्याची गाठ चाचपत होत्या.

मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "बाई, सातवी काढा."

त्यांनी मान वळवली.

"अंदाजानं सांगितली मी ती."

मला वाटलं, आता चारचौघांत ऐकवतील. त्यांनी गाठ सोडली, गोणपाटात हात घातला आणि चिठ्ठ्या बोटांनी मोजत गेल्या. गाडी मागे येऊ लागली, मी तिच्याबरोबर चार पावलं चाललो. त्यांनी सातवी काठी ओढून काढली, तिची चिठ्ठी फाडून ब्लाउजमध्ये खोचली आणि काठी खिडकीतून माझ्या हातात दिली. मग पुन्हा गाठ मारायला लागल्या, दातांनी, कारण दुसरा हात बोचक्यावर होता.

गाडी हायवेला लागली. बाई दहा काठ्या घेऊन गेल्या. सातवी माझ्या हातात होती, ओली, आणि तिचं गाव मला सांगता येत नव्हतं.